चेक परत आला? आधी मेमोवरची तारीख बघा

चेक परत आला की माणूस पहिल्यांदा पोलीस स्टेशन गाठतो. तिथे 'कोर्टात जा' म्हणून सांगतात, आणि या बाबतीत ते बरोबरच सांगतात. चेक परत येणे ज्याखाली गुन्हा ठरतो त्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली एफआयआर होत नाही. ज्याचे पैसे अडकले त्याने स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद करायची असते. पण समोरचा 'येत्या सोमवारी नक्की देतो' म्हणत राहतो, असे चार-पाच सोमवार जातात, आणि कागद वकिलाच्या टेबलावर येतात तेव्हा मुदत उलटलेली असते.

मुदती तीन आहेत. चेक परत गेल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते संपले की पुढच्या एका महिन्यात फिर्याद. समजा मेमो, म्हणजे चेक परत गेल्याची बँकेची चिठ्ठी, ५ मार्चला हातात पडला, तर नोटीस ४ एप्रिलपर्यंत निघायला हवी. ती त्याला १० एप्रिलला मिळाली तर २५ एप्रिलपर्यंत वाट बघायची आणि २६ पासून महिना धरायचा. २५ मेपर्यंत फिर्याद दाखल झाली तर वादाला जागाच नाही. घाई करून पंधरा दिवसांच्या आत दाखल केलेली फिर्याद टिकत नाही. फिर्यादीला उशीर झाला आणि कारण पटण्यासारखे असेल तर कोर्ट तो माफ करू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र अशी माफी नाही.

ते ३० दिवस हुकले असतील तर चेकची तारीख बघा. चेक तीन महिने चालतो आणि तेवढ्या काळात कितीही वेळा भरता येतो. पुन्हा भरा. पुन्हा परत आला तर नवा मेमो, नवे ३० दिवस. तीन महिनेही संपले असतील तर नवा चेक मागून घ्या, नाहीतर दिवाणी दाव्याचा विचार करा.

नोटीस साधी असली तरी चालते, पण रक्कम चेकवरचीच हवी. व्याज, वकील फी, मनस्ताप यांचे पैसे मागायचे असतील तर ते वेगळे दाखवा. सगळे मिळून एकच आकडा लिहिला की बचावाच्या वकिलाचे काम सोपे होते. एक कोटीच्या चेकसाठी नोटिशीत दोन कोटी लिहिले गेलेले एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. टायपिंगची चूक ही सबब कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्य केली नाही. सही करण्याआधी आकडा चेकशी ताडून बघायला अर्धा मिनिट लागतो.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, बरोबर पत्त्यावर पाठवा आणि पावती चेकच्याच फाइलला लावा. पत्ता खरा असेल तर 'घेण्यास नकार' किंवा 'घर बंद' असा शेरा येऊन परत आलेली नोटीसही मिळाली असे धरले जाते. ते परत आलेले पाकीट फोडू नका, तसेच कोर्टात द्या.

फिर्याद कुठल्या कोर्टात? चेक देणारा नागपूरचा आणि तुमचे खाते साताऱ्याच्या शाखेत असेल, तर चेक खात्यात भरल्यावर साताऱ्यात. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने उलटे ठरवले होते, म्हणजे समोरच्याची बँक जिथे तिथे. २०१५ च्या दुरुस्तीने ते बदलले.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न चेक देणाऱ्याकडून येतो: 'मी कोरा चेक तारण म्हणून दिला होता, त्याने रक्कम भरली.' एवढ्याने सुटका होत नाही. सही तुमची असेल तर तुमचे देणे होते असेच कोर्ट कलम १३९ प्रमाणे धरून चालते, बाकीचे अक्षर कुणाचे का असेना. परतफेड झाली हे बँकेच्या उताऱ्याने, पावत्यांनी, मेसेजने दाखवावे लागते. तारणाचा चेकसुद्धा हप्ता थकल्यावर भरता येतो. म्हणून कर्ज फिटले त्याच दिवशी चेक परत घ्यायचा. 'नंतर देतो' ऐकून घरी यायचे नाही.

याची दुसरी बाजू चेक घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. पाच लाखांच्या चेकपैकी दोन लाख मधल्या काळात मिळाले, आणि तरी चेक पाच लाखांचाच भरला, तर १३८ लागत नाही. मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर करायची, किंवा उरलेल्या तीन लाखांचा नवा चेक घ्यायचा. दुसरा मार्ग बरा; चेकवर खरडलेले पाहून बँकेतला माणूस गोंधळतो.

रोख उसनवारीचे मात्र तसे नाही. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख कर्ज प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, पण तेवढ्यावरून चेकची केस पडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. तुमच्याकडे एवढी रोकड आली कुठून, हा प्रश्न उलटतपासणीत येणारच; उत्तर आधीच तयार ठेवा.

आरोपी कोण, इथेही चुका होतात. चेक कंपनीच्या खात्याचा असेल तर कंपनीला नोटीस आणि कंपनीच आधी आरोपी. एकट्या डायरेक्टरवर केलेली केस उभी राहत नाही. नवरा-बायकोच्या जोडखात्यावर सही नवऱ्याची असेल, तर बायकोला ओढता येत नाही.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकारला की चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम, म्हणजे निकालाआधीची, भरपाई कोर्ट देऊ शकते. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज बऱ्याच फायलींत सापडत नाही.