उक्षी ते निवसर: गाड्या बघायला कुठे उभं राहायचं

या फेरीसाठी मुक्काम रत्नागिरीत ठेवावा. उत्तरेला भोके, उक्षी आणि संगमेश्वर रोड, दक्षिणेला निवसर. सगळं दिवसभराच्या टप्प्यात बसतं. निघण्याआधी एवढं पक्कं करावं की कोकण रेल्वेवर रुळाच्या कडेला घुसून जे दिसतं, त्याहून जास्त फलाटावर बसून दिसतं. रोहा ते वीर दुहेरी मार्ग झालाय, पण पुढे हा पट्टा एकेरीच आहे. त्यामुळे समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग स्थानकातच होतं. एक गाडी लूपवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, येऊन थांबते आणि दुसरी मेन लाइनवरून धडधडत निघून जाते. तासभर फलाटावर बसलं की एखादं क्रॉसिंग पदरात पडण्याची शक्यता चांगली असते.

कोणती गाडी कुठे येणार ते सिग्नलवरून कळतं. होम सिग्नल, म्हणजे स्थानकात शिरण्याआधीचा सिग्नल, पिवळा असून त्याच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ पेटली असेल, तर गाडी लूपवर येतेय. ती ओळ नसेल आणि हिरवा दिवा असेल, तर गाडी बहुधा न थांबता जाणार. अशा वेळी पिवळ्या पट्टीच्या बरंच आत, भिंतीच्या किंवा खांबाच्या बाजूला सरकायचं. वेगातल्या गाडीच्या वाऱ्याने छत्री, टोपी हातातून सुटते आणि माणूस नकळत तिच्यामागे धावतो. मुलांचा हात धरून ठेवा. फलाटाचं टोक जिथे उतरणीला लागतं तिथे थांबायचं, त्या उतारावर पाऊल टाकायचं नाही. तिथून पुढची जागा कर्मचाऱ्यांची.

प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांचं, दोन तास चालतं. गणपतीच्या गर्दीत काही वेळा त्याची विक्री बंद ठेवतात, आणि छोट्या स्थानकावर खिडकीच बंद असेल तर पंचाईत होते. आमच्या मते सोपा मार्ग म्हणजे पॅसेंजरचं तिकीट काढून रत्नागिरीहून उक्षी किंवा संगमेश्वरपर्यंत बसून जाणं. प्रवासही होतो आणि पॅसेंजर क्रॉसिंगला थांबली की डब्यातूनच तमाशा दिसतो. मात्र उक्षीला मोजक्याच गाड्या थांबतात. परतीची गाडी आधी बघून ठेवा, नाहीतर संध्याकाळी रिक्षा शोधत बसावं लागेल.

उक्षीला गर्दी होते ती रानपाटच्या धबधब्यामुळे. भर पावसात धबधब्यासमोरून गाडी जाते हे खरंच डोळे भरून बघण्यासारखं दृश्य आहे, पण ते रुळावर उभं राहून बघायचं नाही. तिथे बोगदा आणि वळण दोन्ही आहेत. शिवाय पाण्याचा आवाज एवढा की हॉर्नसुद्धा उशिरा कानावर येतो. मार्च २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं. डिझेल इंजिनाची घरघर लांबून कळायची, विजेचं इंजिन मात्र बोगद्यातून एकदम अंगावर येतं. कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रूळ टाकलेत तिथे, दोन्ही बाजूंना जांभ्याची किंवा कातळाची भिंत असते, बाजूला सरायला जागा नसते. धबधबा आणि गाडी एकत्र हवी असेल तर समोरच्या रस्त्याच्या बाजूने, कठड्याच्या आत राहून बघा. दगडांवर शेवाळ असतं, चांगली पकड असलेले बूट घाला.

दक्षिणेला रत्नागिरी आणि निवसरच्या मध्ये पानवल नदीवरचा पूल आहे, उंची सुमारे ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर. इथे गाडी दरीतून, खालून वर बघायची. गावरस्त्यावरून जा आणि शेताच्या बांधावर उभं राहायचं असेल तर आधी घरमालकाला विचारा. कोकणात विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, न विचारता लावणीच्या शेतात शिरलेलं मात्र खपत नाही. फोटोची चौकट आधीच ठरवून ठेवा. एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीचा डबा साधारण २४ मीटरचा, म्हणजे २२ डब्यांची गाडी पुलापेक्षा लांब भरते. अख्खी गाडी पुलावर हवी असेल तर १६ डब्यांच्या आसपासची गाडी निवडा. तासी ७५ किमी वेगाने लांब गाडी पूल पार करायला पाऊण मिनिट घेते. जोरदार पावसात वेग ४०वर आणतात, तेव्हा जवळपास दीड मिनिट मिळतं.

रेल्वेवरून जाणाऱ्या रस्त्याच्या पुलावरूनही छान दिसतं, पण खालच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत. जाळीतून सेल्फी स्टिक, ट्रायपॉड किंवा छत्री बाहेर काढायची नाही, तारेला टेकली नाही तरी धोका असतो. मोबाइलची लेन्स जाळीच्या भोकाला टेकवली की जाळी फोटोत येत नाही. आपली गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा.

परवानगीशिवाय रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बोगद्याच्या तोंडाशी, पुलावरच्या पायवाटेवर किंवा गस्तीच्या वाटेवर जाणं यातच मोडतं. पावसाळ्यात दरडींवर नजर ठेवत गस्तवाले रुळांवरून फिरत असतात. त्यांना गप्पांत अडकवू नका. रुळावर दगड पडलेला किंवा माती आलेली दिसली, तर जवळच्या स्टेशन मास्तरला किंवा १३९वर लगेच कळवा.

वेळेचं म्हणाल तर जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, जुन्या वेळा धरून गेलात तर फसाल. मार्ग साधारण उत्तर-दक्षिण आहे, म्हणून सकाळी पूर्वेच्या बाजूने आणि दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूने फोटो काढा. रनिंग स्टेटसच्या अॅपवर मालगाड्या आणि ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो दिसत नाहीत. पण पॅसेंजर लूपवर रखडलीय आणि अॅपवर समोरून कुठलीच गाडी नाही असं दिसलं, तर कॅमेरा बाहेर काढून तयार राहा, बहुतेक मालगाडी किंवा रो-रो असेल.