डोळ्याला फिजिक्स येतं

अ‍ॅनिमेशनमध्ये एखादी वस्तू चुकीची पडली की आपल्याला लगेच खटकतं. ज्याची शाळेत फिजिक्समध्ये पस्तीस मार्कांसाठी मारामार होती तोसुद्धा म्हणतो, काहीतरी गडबड आहे यार, पण काय ते विचारलं की गप्प.

ब्लेंडर या 3D अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन शिकणारे हमखास इथे अडकतात. एक फासा बनवायचा, ग्रॅव्हिटी पृथ्वीसारखी 9.81 आहेच, प्ले दाबायचं, आणि फासा चंद्रावर असल्यासारखा आरामात खाली येतो. मग ग्रॅव्हिटी तपासत बसतात, ती बरोबरच असते! भानगड मापात असते. ब्लेंडर उघडल्यावर समोर जो क्यूब दिसतो तो चक्क 2 मीटरचा असतो, त्यालाच ठिपके काढले की तो फासा माणसापेक्षा उंच, आणि त्याच हिशोबात टेबल केलं तर ते बिल्डिंगएवढं. 1 मीटरवरून पडायला साधारण 0.45 सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर जेमतेम 11 फ्रेम, आणि 100 मीटरवरून साडेचार सेकंद, म्हणजे 108 फ्रेम. उंची शंभरपट पण वेळ दहापटच. कॉम्प्युटरने गणित अचूक केलेलं असतं, पण आपला डोळा पडायच्या वेळेवरून वस्तू केवढी आहे ते ताडतो. पूर्वी सिनेमात मिनिएचर बिल्डिंग पाडायचे तेव्हा हाच प्रकार उलटा करायचे, मॉडेल सोळा पटीने लहान असेल तर कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवायचं, मग पडणं संथ होतं आणि तो ढिगारा भारदस्त वाटतो.

आता वाटेल की खरं फिजिक्स भरलं की झालं काम. नाही हो. 2012 च्या पिक्सारच्या 'ब्रेव्ह' या अ‍ॅनिमेशनपटातल्या नायिकेचे, मेरिडाचे, कुरळे केस घ्या. कुरळेपणा टिकवायचा तर केस स्प्रिंगसारखा कडक हवा, पण कडक केला की तो तारेसारखा हलतो, आणि दिग्दर्शकाला तर मऊ झुलणारे केस हवेत, त्यासाठी पिक्सारवाल्यांना वेगळा सिम्युलेटर, म्हणजे केसांची हालचाल गणिताने काढणारा प्रोग्रॅम, लिहावा लागला.

कापडाची तर गंमतच. कॉम्प्युटर वेळ तुकड्यातुकड्याने पुढे नेतो, तुकडा मोठा झाला की ताणलेला धागा परत येताना जास्तच पलीकडे जातो, पुढच्या वेळी त्याहून जास्त, आणि बघता बघता परकराचा स्फोट होऊन चिंध्या पडद्याबाहेर. (मला हे बघायला फार आवडतं, ज्यांना डेडलाइन असते त्यांना नसेल आवडत.) मग सबस्टेप्स वाढवा (म्हणजे वेळेचे तुकडे आणखी बारीक करा), डॅम्पिंग वाढवा (म्हणजे हेलकावे लवकर विरतील), आणि सगळं गणित रात्रभर कॅश, म्हणजे करून साठवून, होऊ द्या.

त्यात हिरो तीन फ्रेममध्ये गर्रकन वळणारा, खरा माणूस असा वळला तर त्याची मान राहणार नाही, पाठीवरची केप कुठून राहणार. म्हणून सिम्युलेटरला सांगतात, बाबा रे, अंगाची निम्मी हालचाल तू बघितलीच नाहीस असं समज. केप मस्त फडफडते. आणि फाशाला न सोडणारा आपला डोळा इथे मात्र चकार शब्द काढत नाही, टाळ्या वाजवतो.