"मार्गदर्शन मागविण्यात आले आहे": गावच्या विहिरीवर फ्लोराइड प्लांट बसविण्याचा माझा अनुभव

आमच्या ग्रामपंचायतीच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर फ्लोराइड काढणारा प्लांट उभा राहण्यास सतरा दिवस लागले. त्या प्लांटची गरज आहे, हे एका कार्यालयाच्या गळी उतरविण्यास चौदा महिने लागले. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः त्या चौदा महिन्यांचा आहे, आणि तो लिहिताना माझा राग पुरता निवळलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

गाव यवतमाळ जिल्ह्यातील, लोकसंख्या ११४०. नाल्याकाठची आमची सार्वजनिक विहीर पूर्वी मार्च उजाडला की तळ दाखवायची, म्हणून २०१२ च्या उन्हाळ्यात तिच्या तळात उभा बोअर मारण्यात आला. पाणी लागले, नारळ फुटले, टँकर बंद झाला, आणि पुढची दहा वर्षे त्या पाण्याविषयी कोणी काही विचारले नाही. मीही विचारले नसते. पण माझ्या थोरल्या मुलाचे दात स्वच्छ आणि धाकट्या मुलीच्या पुढच्या नव्या दातांवर मात्र पिवळट-तपकिरी पट्टे, असे का, हे मला कळत नव्हते. मुलगा २००४ चा आणि मुलगी २०१३ ची. पक्क्या दातांचे कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असते आणि त्या काळात पोटात गेलेले जास्तीचे फ्लोराइड दातांवर उमटते, हे मला पुढे समजले. तेव्हा शाळेतील मुलांचे दात आणि त्यांची जन्मसाले ताडून पाहिली, तर बोअरच्या आधी वाढलेली आणि नंतर वाढलेली मुले सरळ वेगळी काढता येत होती.

केळापूर, झरी जामणी ह्या तालुक्यांतील फ्लोराइडविषयी मी ऐकून होते, पण ते आपल्या पाण्याच्या गुंडातही असेल असे वाटले नव्हते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण मिळाले, त्यांत ग्रामपंचायत सदस्य म्हणून मीही होते. आमच्या विहिरीच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले तेव्हा गुलाबी रंग टिकला नाही, पिवळसर झाला, म्हणजे फ्लोराइड जास्त होते. मग रीतसर नमुना प्रयोगशाळेत दिला आणि २८ मार्च २०२२ चा अहवाल हाती आला: फ्लोराइड एका लिटरमध्ये २.३ मिलिग्रॅम, म्हणजे १.५ च्या कमाल मर्यादेच्याही वर.

येथे एक सूचना, कारण ती पुढे विसरेन. फक्त फ्लोराइडची तपासणी मागू नका, संपूर्ण रासायनिक तपासणी मागा. आमच्या पाण्यात नायट्रेट ३१ निघाले, म्हणजे ४५ च्या मर्यादेच्या आत, आणि विरघळलेले एकूण क्षार ७८० होते. म्हणून ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना (फ्लोराइड धरून ठेवणारे दाणे) भरलेल्या टाकीतून पाणी गाळण्याचा साधा प्लांट आम्हाला पुरला. नायट्रेट जास्त असते तर ॲल्युमिनाने ते निघाले नसते आणि आरओकडे वळावे लागले असते, ज्यात बरेचसे पाणी नासून बाहेर जाते. यवतमाळच्या मे महिन्यात तसे पाणी सोडून देण्याइतकी आमची विहीर श्रीमंत नाही.

पैशाचे काम त्या मानाने सुरळीत झाले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के रक्कम तेव्हा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, होती आणि त्यातील निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी खर्च करता येत होती. दोन वर्षांची रक्कम एकत्र धरून १ मे २०२२ च्या ग्रामसभेत ठराव घेतला आणि पुरवणी आराखड्यात काम घातले. सभेत एक आजोबा उभे राहून म्हणाले, "आमचे बाप-आजे हेच पाणी पेऊन गेले." मी त्यांना एवढेच विचारले, की त्यांच्या वडिलांच्या काळी विहिरीत बोअर होता काय. सभा हसली आणि ठराव मंजूर झाला. हा विजय मला नको तितका गोड वाटला होता, हे कबूल करते.

अंदाजपत्रकाबाबत मात्र सावध राहावे. पहिले अंदाजपत्रक माणशी ५५ लिटरने, म्हणजे रोजच्या ६२,७०० लिटरचे, तयार झाले होते आणि आकडा २७ लाखांच्या वर गेला होता. धुण्या-भांड्याला आणि गुरांना फ्लोराइड काढलेले पाणी कशाला द्यायचे? पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी ८ ते १० लिटर शुद्ध पाणी धरण्याची सोय जल जीवन मिशनच्या सूचनांतच फ्लोराइडग्रस्त वस्त्यांसाठी आहे. दहा लिटरने हिशेब केला तेव्हा रोज ११,४०० लिटर, ताशी १५०० लिटरचा प्लांट, आणि शेडसह खर्च साडेसहा लाखांच्या आत आला.

जुलै २०२२ मध्ये फाइल तांत्रिक मान्यतेसाठी गेली आणि तेथे ती बसली. त्या कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण मला त्याच्या दारात पुन्हा जायचे आहे.

पहिली त्रुटी सप्टेंबरमध्ये निघाली. प्रयोगशाळेचा अहवाल २८ मार्चचा, म्हणजे मागील आर्थिक वर्षाचा आहे, चालू आर्थिक वर्षाचा जोडावा. चार दिवसांनी आर्थिक वर्ष बदलले म्हणून विहिरीतील पाणी बदलत नाही, असे मी टेबलावरील बाबूंना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्रुटीपत्रावर माझी पोच सही घेतली. रागाच्या भरात मी दुसऱ्याच आठवड्यात, १९ सप्टेंबरला, नवीन नमुना पाठविला, आणि संपूर्ण प्रकरणातील माझी सर्वांत मोठी चूक ती हीच. नाला दुथडी वाहत होता आणि विहिरीचे पाणी काठापासून सहा फुटांवर आले होते. अहवाल आला १.२.

नोव्हेंबरमध्ये फाइल परत आली. सदर स्रोतातील फ्लोराइडचे प्रमाण १.५ या अनुज्ञेय मर्यादेच्या आत असल्याने शुद्धीकरण यंत्रणेची आवश्यकता दिसून येत नाही, असा शेरा होता. म्हणजे जुना अहवाल जुना म्हणून चालला नाही आणि नवा अहवाल नवा म्हणून आमच्याच विरोधात गेला.

ज्यांच्या विहिरीत बोअर आहे त्यांच्यासाठी हे नीट सांगते. पावसाळ्यात विहीर वरच्या झऱ्यांनी भरते आणि ते पाणी फ्लोराइडच्या दृष्टीने बरे असते. जसजसे झरे आटतात तसतशी विहीर खालच्या बोअरवर जगू लागते आणि खोलच्या खडकात मुरलेले, फ्लोराइडचे पाणी तिच्यात वाढत जाते. बाहेरून विहीर तीच दिसते, पण सप्टेंबरमधील पाणी आणि एप्रिलमधील पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. नमुना कोणत्या महिन्यात घेतला हे ज्याने विचारले नाही, त्याने पाणी तपासलेच नाही असे माझे मत आहे.

डिसेंबरमध्ये मी ग्रामसेवकांच्या सहीने उत्तर दिले. भारतीय मानक १०५०० नुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० आहे आणि १.५ ही मर्यादा दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच धरायची आहे, हे त्यात लिहिले आणि मानकाचे पान झेरॉक्स करून जोडले. त्यावर, दुसरा स्रोत उपलब्ध आहे काय, याचा खुलासा करावा, असे तोंडी सांगण्यात आले. शेजारच्या शेतात बोअर नसलेली विहीर आहे खरी, पण ती फेब्रुवारीत कोरडी पडते. तिच्या कोरड्या तळाचा मागील उन्हाळ्यातील फोटो माझ्या मोबाइलमध्ये निघाला, तो काढून दिला. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर आले: "प्रकरणी वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागविण्यात आले आहे."

ह्या वाक्यावर आम्ही जवळपास चार महिने काढले. मी दर सोमवारी जात असे. तेरा किलोमीटर एसटीने जायचे, साहेब बैठकीला गेलेले असायचे, मग बाकावर बसून राहायचे आणि दुपारच्या गाडीने परतायचे. शिपाईदादांना माझी कीव येई, ते चहा मागवीत आणि म्हणत, "कायले एवढ्या चकरा मारता, ताई? मार्गदर्शन आलं की फोन करतो ना." एका सोमवारी माझा संयम सुटला आणि माझ्या मुलीचे दात बघायला कोणी तरी गावात या, असे मी सर्वांसमक्ष मोठ्याने बोलले. त्याने काहीही साधले नाही, पुढील दोन सोमवार मला कोणी बसासुद्धा म्हटले नाही. म्हणून सांगते, आवाज चढवू नका, कागद वाढवा.

तो कागद कोणता, हे मला फार उशिरा सुचले. एप्रिलच्या सुरुवातीला मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एकच गोष्ट मागितली: मार्गदर्शन मागविल्याच्या पत्राची प्रत आणि त्याचा जावक क्रमांक. तीस दिवसांची मुदत संपत आली तेव्हा उत्तर आले, की अशा पत्राची नोंद आढळून येत नाही. मार्गदर्शन कोणी मागविलेच नव्हते! तेरा-चौदा सोमवार मी जे पत्र परत येण्याची वाट पाहत होते, ते पत्र गेलेलेच नव्हते. हे उत्तर वाचून मला रडू येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात मी हसत सुटले आणि घरचे घाबरले. त्यानंतर आठ दिवसांत पत्र गेले आणि जून २०२३ मध्ये संयुक्त पाहणी ठरली.

ह्या वेळी मात्र माझ्याकडे वही होती. सप्टेंबरच्या फजितीनंतर मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन नोंदी ठेवू लागले होते: दर फुटाला गाठ मारलेला दोर सोडून काठापासून पाणी किती खाली आहे ते, आणि किटने फ्लोराइड अंदाजे किती येते ते. किटचा रंग हा अंदाजच असतो, म्हणून जानेवारी आणि एप्रिलमध्ये प्रयोगशाळेतूनही तपासून घेतले. जानेवारीत पाणी एकवीस फुटांवर, फ्लोराइड १.७. एप्रिलमध्ये पाणी छत्तीस फुटांवर, फ्लोराइड २.६. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक पाहणीला आले होते. त्यांनी वही उभ्या उभ्या चाळली, विहिरीत डोकावून पाहिले आणि अभियंत्यांना म्हणाले, "सर, यात आता मार्गदर्शन काय मागायचे?" ते वाक्य मी आजही मनात घोळविते.

त्यानंतर अभियंत्यांची बदली झाली, नवीन साहेबांनी फाइल पहिल्यापासून वाचली, जूनचा आणखी एक अहवाल मागितला, आणि ४ सप्टेंबर २०२३ रोजी तांत्रिक मान्यता मिळाली. मान्यतेच्या पत्रात गरजेचे कारण एका ओळीत होते: उन्हाळ्यातील फ्लोराइड मर्यादेबाहेर. मार्च २०२२ मध्ये आम्ही नेमके हेच सांगितले होते.

प्रशासकीय मान्यता, निविदा, वीजजोडणी, मोजमाप पुस्तिका ह्यांत सांगण्यासारखे फारसे घडले नाही. निविदेत पाच वर्षांची देखभाल घालण्याचा आग्रह धरला, तो मात्र महत्त्वाचा ठरला, कारण ॲल्युमिना काही काळाने भरून जातो आणि कॉस्टिक सोड्याने धुऊन, मग आम्लाने उदासीन करून तो पुन्हा कामास आणावा लागतो. हे गावातील कोणी हातमोज्यांशिवाय करून पाहण्याचे काम नव्हे. प्लांटच्या नळाला निळा रंग दिला आहे. तेथे कॅन भरतात, बाकीच्या नळांना पूर्वीचेच पाणी येते. फ्लोराइड काढले म्हणून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बंद करायची नाही, हे मला पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला दोनदा सांगावे लागले, कारण टीसीएल जंतूंसाठी आहे आणि ॲल्युमिना फ्लोराइडसाठी. पाणी उकळण्याचेही तसेच: उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट वाढते.

आणखी एक. नमुना काच नसलेल्या, प्लास्टिकच्या एक लिटर बाटलीत द्यावा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, पंप थोडा वेळ चालू ठेवून मगच भरावी, आणि प्रयोगशाळेच्या पोचपावतीवर विहिरीचे नाव स्वतः वाचून घ्यावे. आमच्या एका पावतीवर विहिरीऐवजी शाळेचा हातपंप लिहिला गेला होता. तो मी जागीच दुरुस्त करून घेतला नसता, तर आणखी एक त्रुटी ठरलेली होती.

सध्या प्लांटमधून निघणाऱ्या पाण्यात फ्लोराइड ०.५ ते ०.७ असते. वही चालू आहे. एक गोष्ट मात्र आमच्या अंदाजपत्रकात राहून गेली. ॲल्युमिना धुतल्यावर निघणारे पाणी फ्लोराइडने भरलेले असते आणि ते नाल्यात सोडता येत नाही. त्यासाठी पक्क्या तळाचा, उन्हात पाणी आटविणारा खड्डा लागतो. आमचा खड्डा शेवटी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या निधीतून अठरा हजारांत झाला, आणि तो होईपर्यंत पहिल्या धुण्याचे पाणी तीन आठवडे ठेकेदाराच्या निळ्या ड्रममध्ये माझ्याच घराच्या मागे पडून होते.