जळलेला चौकोन: दहा महिन्यांची वही

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पर्थच्या उत्तरेकडे आमच्या वस्तीला चिकटून बुशलँडचा एक तुकडा आहे. बँक्शिया, मारी आणि शीओकचं रेताड रान. मारी हे निलगिरीच्या नात्यातलं झाड, आणि शीओक म्हणजे आपल्या सुरूचा भाऊबंद. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यावर या रानाचा एक कोपरा जळाला. स्वयंसेवक गटाची परवानगी काढून मी तिथे दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखला आणि दर पंधरवड्याला वहीत नोंद करायची असं ठरवलं. आत जाताना आणि बाहेर पडताना बुटांचे तळवे घासून स्पिरिट मारायचं, हा तिथला नियम. मुळं कुजवणारा फायटॉप्थोरा बुटाच्या मातीतून पसरतो आणि बँक्शिया त्याला फार लवकर बळी पडतात.

फेब्रुवारी-मार्चच्या नोंदी कंटाळवाण्या आहेत. राख, राख आणि मुंग्या. अपवाद एकच, बाल्गा. हे गवतासारख्या पानांचं काळ्या खोडाचं झाड, नाव इथल्या मूळ रहिवासी नूंगार लोकांचं. आगीनंतर तीन आठवड्यांच्या आतच त्याच्या डोक्यावर हिरवा झुपका होता, आणि प्रत्येक पानाचं टोक मात्र करपलेलं. आधी वाटलं, नवी पालवीही जळतेय की काय. मग पट्टी लावली आणि उलगडा झाला. पान बुडातून वाढतं, त्यामुळे जळकं टोक वर ढकललं जातं. दोन आठवड्यांत तेच काळं टोक पंधरा सेंटिमीटर वर गेलं होतं.

बँक्शियांची खोडं कोळशासारखी झाली होती, पण त्यांच्या लाकडी फळांची तोंडं उघडलेली दिसत होती. शिंपल्यासारखे दोन ओठ आणि आत पातळ पंखाची काळी बी. एप्रिलमध्ये जाड सालीखालून थेट खोडावर मखमली तांबूस कोंब फुटले. मारीच्या खोडावर तर इतकी पालवी आली की झाडाने लोकरीचा पायमोजा चढवल्यासारखं वाटलं. सात नंबरच्या बँक्शियाला मात्र काहीच नाही. मी वहीत ‘मृत’ लिहून टाकलं.

आई साताऱ्याहून फोनवर म्हणाली, “अरे, आपल्याकडे डोंगर पेटवतात तेव्हा तू चिडायचास, आणि तिकडे राखेत फुलं शोधतोयस होय?” प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीतले वणवे बहुतेक माणसानेच लावलेले असतात. ‘राख झाली की गवत चांगलं येतं’ हे ऐकून मी अजूनही चिडतो. इथली बरीच झाडं आगीशी जुळवून घेत घडली आहेत, पण तीसुद्धा दोन आगींच्या मध्ये पुरेशी वर्षं मिळाली तरच टिकतात. रोपं बी धरायच्या आत पुन्हा जळाली, की मातीतला साठा संपला. गंमत म्हणजे २००० साली जैवविविधतेच्या २५ ‘हॉटस्पॉट’ची जी यादी निघाली, तिच्यात पश्चिम घाट आणि ऑस्ट्रेलियाचा हा नैऋत्य कोपरा, दोन्ही आहेत. माझं माहेर आणि सासर एकाच यादीत, असं बायको म्हणते.

इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. मेअखेर तो लागला आणि चौकोन जागा झाला. बाभळीच्या जातीतली काटेरी अकेशिया पुल्चेला सगळ्यांत पुढे. तिच्या बियांचं कवच उष्णतेने तडकतं, मग पाणी आत शिरतं. काहींना मात्र उष्णता नाही, धूर लागतो. इथल्या विद्यापीठाच्या आणि किंग्ज पार्क या वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी धुरातलं एक रसायन वेगळं काढून २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. नूंगार भाषेत धुराला ‘कॅरिक’ म्हणतात, म्हणून त्या कुळाचं नाव कॅरिकिन. अब्जात एक भाग एवढ्या मात्रेतही ते बी जागं करतं. पण राज्याचं फूल असलेल्या लाल-हिरव्या कांगारू पॉला हे रसायन चालत नाही. तिला धुरातलंच दुसरं हवं, ग्लिसरोनायट्राइल, जे ओलाव्यात सायनाइड सोडतं. ज्या विषाने माणूस मरतो, त्याच्या चिमटीने हे बी उठतं! मी हे वाचलं त्या रात्री बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

जूनमध्ये सात नंबरच्या बुंध्याशी, जमिनीलगत, तीन कोंब. ‘मृत’वर काट मारली.

आता माझी फजिती. जुलैत मी तलवारीसारख्या चपट्या पानांची चौदा रोपं शोधून प्रत्येकाजवळ पिवळी झेंडी रोवली आणि लिहिलं, ‘कांगारू पॉ, १४!’ गटातल्या एक आजी आल्या, वाकल्या, पानाच्या कडेवरून नख फिरवलं आणि हसल्या. “कड लालसर आहे ना? आणि लव बघ.” नऊ रोपं गुलाबी ग्लॅडिओलसची निघाली, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतून आलेलं तण. दोन महिने मी त्यांना जपलं होतं, वाटेतली फांदीसुद्धा बाजूला केली होती. फुलण्याआधी कंदासकट काढावी लागली. कंद वाळूत सुटला तर पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

त्याहून वाईट वेल्ड गवत. तेही आफ्रिकेतलं, चाऱ्यासाठी आणलेलं. आगीनंतर ते सगळ्यांच्या आधी मोकळी जागा बळकावतं आणि उन्हाळ्यात वाळून पुढच्या आगीला सरपण पुरवतं. आम्ही ब्रॅडली पद्धतीने काढतो. १९६० च्या दशकात सिडनीत जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी ती बसवली. सुरुवात घाणेरड्या टोकापासून करायची नाही. जिथे रान धडधाकट आहे तिथून तणाकडे सरकायचं, माती कमीत कमी उकरायची, आणि रान जेवढं मागे येईल तेवढंच पुढे जायचं. माझा हात आपोआप गवत जास्त असेल तिथेच जायचा, ते मोडायला महिना लागला.

ऑगस्टचा तिसरा आठवडा मात्र वहीचं सोनं आहे. चौकोनाच्या आग्नेय कोपऱ्यात तळव्याएवढी जाडजूड गोल पानं वाळूला चिकटून होती. अशी पानं मी पूर्वीही पाहिली होती, पण फुलाशिवायच. ही अमरी, म्हणजे ऑर्किड, आगीनंतरच फुलते म्हटलं तरी चालेल. यंदा त्याच पानांतून वीतभर जाड दांडे आले, त्यावर पांढरी-तांबडी चोचीसारखी फुलं. म्हणून नाव ‘रेड बीक्स’. मी पोटावर झोपून भिंग लावलं: पाकळीवर तांबड्या रेघा, दांड्यावर राखेचे शिंतोडे, आणि एक मुंगी वर चढायचा प्रयत्न करून तीनदा घसरली. तेवीस दांडे मोजले. सुकल्यावर अख्खं रोप शाईसारखं काळं होतं. ऑक्टोबरात तेही पाहिलं.

बाजूला पिवळ्या काऊस्लिप अमरी आणि बाल्गाचा माझ्या डोक्यावर गेलेला फुलोरा. त्याची फुलं उत्तरेच्या बाजूला आधी उमलतात, कारण इथे ऊन उत्तरेकडून येतं. मधमाश्याही तिकडेच गर्दी करत होत्या.

नोव्हेंबरची मोजणी: बँक्शियाची रोपं एकतीस, पानाच्या कडा करवतीसारख्या दातेरी. खऱ्या कांगारू पॉ पाच, फूल अजून नाही, पुढच्या वर्षी येईल अशी आशा. पुढचे चार महिने पाऊस जवळजवळ नाही. पाणी घालायचं नाही असं गटाने ठरवलंय, मलाही ते पटतं, तरी परवा बाटलीतलं उरलेलं पाणी अठरा नंबरच्या रोपावर सांडलं. चुकून. पुढची मोजणी मार्चमध्ये.