नख अडकतंय का बघा

गाडीच्या काचेवरचे चरे सकाळी दिसत नाहीत. असतात तिथेच, पण संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सातारा रोडनं कात्रजकडे निघालं आणि उजवीकडून तिरकं ऊन आलं की ड्रायव्हरच्या बाजूची अख्खी काच अशी उजळते, वाटतं कुणीतरी पांढऱ्या पेन्सिलीनं उभ्या रेघा मारून ठेवल्यात. मी मोजल्यात, सिग्नलला दुसरं काम काय असतं. अकरा. नऊ बारीक, दोन जाड.

पहिले दोन महिने मी गाडी पुसणाऱ्या दादाच्या नावानं बोटं मोडत होते. सोसायटीतल्या सतरा गाड्या, एक बादली, एक फडकं, म्हणजे दुसरं कोण असणार? तोंडावर काही बोलले नाही हे नशीब, कारण एकदा तो काच पुसताना खिडकीतून बघत होते तेव्हा लक्षात आलं की अरे हा तर हात गोल फिरवतो! याच्या फडक्यानं चरे पडले असते तर गोल पडले असते. माझे सगळे सरळ उभे, वरून खाली, म्हणजे ज्या रस्त्यानं काच दारात जाते त्याच रस्त्यानं. गुन्हेगार दारातच बसला होता.

मग गुहागर आठवलं. मे महिन्यात गेलो होतो, लेक समुद्रावरून परत आली ती निम्मा किनारा अंगावर घेऊन, आणि अर्ध्या उघड्या काचेच्या कडेवर दोन्ही हात ठेवून पाच मिनिटं माझ्याशी अजून एका शहाळ्यावरून वाद घालत उभी. तिच्या हातावरची वाळू गेली कुठे हा प्रश्न तेव्हा कुणाला पडलाच नाही. परतताना कुंभार्ली घाटात गार वारा लागला की काच खाली, पुढच्या ट्रकनं धूर सोडला की वर, असं किती वेळा केलं कुणास ठाऊक, आणि दरवेळी दारातून बारीक करर्र असा आवाज येत होता तर मी म्हणाले रबर सुकलं असेल. काचेला लागून दाराच्या कडेला जी मखमलीसारखी पट्टी असते ना, तिचं काम खरं तर काच पुसून घ्यायचं. तिच्यात वाळू अडकली की तीच पट्टी पॉलिश पेपर होते. काचेचा कठीणपणा एक ते दहाच्या मोजपट्टीवर साधारण साडेपाच आणि वाळूतल्या गारगोटीच्या कणाचा सात. कोण कुणाला ओरबाडणार हे ठरलेलंच.

यावर नेटवर पहिला उपाय काय, तर टूथपेस्ट. पाऊण ट्यूब संपवली. पेस्टमधला खडू असतो तीनच्या आसपास, तो काचेचं काय वाकडं करणार? काच लखलखीत झाली, गाडीला आठवडाभर पुदिन्याचा वास आला आणि चरे स्वच्छ धुतल्यामुळे आणखी ठळक दिसायला लागले.

मग काचवाल्याकडे. त्यानं काचेकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाला, "ताई, नख फिरवा आडवं. अडकतंय का बघा." नऊ ठिकाणी नख सरळ घसरलं, दोन ठिकाणी टक करून थांबलं. "अडकलं ना? मग ते जात नाही. काच बदला." नख न अडकणारे निघतात, पण तेवढ्यासाठी तो मशीन लावणार नव्हता. तेवढ्यात एकजण समोरच्या काचेवर वायपरनं काढलेलं अर्धवर्तुळ घेऊन आला (मे महिन्यात रबर करपतं, जूनमध्ये पहिल्या पावसाला आपण बटण दाबतो आणि उघडी पत्र्याची पट्टी फिरते), तर त्याला हा स्पष्ट नाही म्हणाला. समोरची काच घासायची नाही, नजरेसमोर जरा जरी लाट आली तरी रात्री समोरच्या हेडलाइटचे दोनाचे चार दिसतात. हे मला पटलं. बाजूची काच बदलायचं तेवढं पटलं नाही, कारण गाडी नऊ वर्षांची आहे आणि मी मूळची चिकट.

घरी हे पुराण चाललं होतं तेव्हा धाकट्या दिराचा फोन आला. तो कॉलेजात असताना घरी दुर्बीण बनवायच्या नादात होता, सहा इंची काचेचा आरसा हातानं घासत महिनोनमहिने बसलेला, लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं या घरात एक मुलगा जातं दळतो. तो म्हणाला, "वहिनी, माळ्यावर माझा डबा असेल बघ, सिरियम ऑक्साइडचा. काचेवर जगात सगळे तेच वापरतात." मग अर्धा तास सिरियम. हे मूलद्रव्य १८०३ साली सापडलं, त्याच्या दोनच वर्षं आधी आकाशात सेरेस हा बटुग्रह सापडला होता म्हणून हे नाव, आणि ही पावडर नुसती घासत नाही, पाण्याबरोबर काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक झोंबाझोंबीही करते, म्हणून तिचा चरा उमटत नाही, गुळगुळीत होतं. आणि मिळतं कशातून, तर मोनाझाइट नावाच्या खनिजातून, जे आपल्याकडे केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर वाळूतच असतं. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. म्हणजे काच वाळूची, चरे वाळूचे, आणि औषधही वाळूतलंच? लेकीला सांगितलं तर म्हणाली, मग माझी काही चूक नाही ना.

रविवारी पार्किंगमध्ये ऑपरेशन. नवऱ्याचं ड्रिल, त्याला नमद्याचं गोल पॅड, सीटवर जुनी साडी, रबराला आणि पत्र्याला चिकटपट्टी. आधी पट्ट्यांच्या फटीतून जुना टूथब्रश फिरवून वाळू काढली, चिमूटभरच निघाली, एवढ्याशा वाळूनं एवढा प्रताप! चरे बाहेरून, म्हणून आतल्या बाजूनं मार्करनं खुणा केल्या, नाहीतर लगदा लागला की चरा कुठाय ते दिसतच नाही. पावडर फिकट गुलाबी, विटेचा चुरा दुधात कालवल्यासारखी, तिचा सायीएवढा दाट लगदा. ड्रिल हळू फिरवायचं, एका जागी थांबायचं नाही, पाणी सारखं मारत राहायचं आणि मधूनमधून काचेला हाताची मागची बाजू लावून बघायची. कोमट चालेल, चटका बसला तर थांबायचं. बाजूची काच टफन्ड असते, बिनसलं तर तडा जात नाही, एकदम खडीसाखर होऊन मांडीवर येते. हे दिरानं सांगितलं होतं आणि ते नसतं सांगितलं तर बरं असं मला पूर्ण दोन तास वाटत होतं.

दोन तासांनी पाणी मारलं, पुसलं. नऊच्या नऊ गेले! खरंच गेले, तिरक्या उन्हातही नाही. इथे थांबायला हवं होतं. पण त्या दोन जाड्यांनी मला डिवचलं, आणि नख अडकतं तिथे हात घालू नये हे दोन माणसांनी सांगितलेलं असूनही मी अजून चाळीस मिनिटं त्याच चार बोटं जागेवर घासत बसले. चरा म्हणजे खड्डा, तो भरून येत नसतो, आजूबाजूची काच खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावी लागते. बारीक चऱ्याला ते झेपतं. जाड चऱ्यासाठी एवढी काच उतरवली की तिथे उथळ वाटी तयार होते आणि वाटी म्हणजे भिंग. आता चरे अर्धे पुसट झालेत, पण त्या जागेतून विजेचा खांब बघितला की कमरेत लचकतो. गाडी पुढे सरकली की लचक खाली उतरते, खांब सरळ होतो आणि पुढचा लचकतो. आरशाच्या बाजूला नाही, मागच्या कोपऱ्यात आहे, म्हणून चालवताना अडचण येत नाही. लेकीला मात्र ती जागा फार आवडलीय, ती मागच्या सीटवरून पुढे वाकून रस्त्यातल्या लोकांना तिथून नाचवते.

उरलेली पावडर डब्यात घालून माळ्यावर टाकली, वर चिठ्ठी लावायची राहिली. दिवाळीत आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, डबे काढले आणि पहाटे उंबऱ्यापाशी कमळाच्या पाकळ्या भरायला बसल्या. मी अभ्यंगाचं पाणी काढत होते तर बाहेरून आवाज, "अगं, हा गुलाबी रंग कुठून आणलास? चिमटीतून सुटतच नाही मेला, नुसता बोटांना चिकटतोय."