नंबर खरवडलेला आयसी कसा ओळखला

शेजारच्या आजोबांचा 21 इंची जुना कलर टीव्ही. आवाज खणखणीत, पण पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ. आजोबांना व्हीसीआरवर घरच्या लग्नाच्या कॅसेट बघायच्या होत्या, त्यामुळे "नवीन घ्या" हा सल्ला बाद.

अशी रेघ दिसली की आधी ब्राइटनेस खाली आणायचा. सगळा इलेक्ट्रॉन बीम एका ओळीवर आपटत असतो, पिक्चर ट्यूबचा फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा थर) जळतो. दोष उघड होता, व्हर्टिकल सेक्शन, म्हणजे बीम वर-खाली फिरवणारा भाग. सेट बंद करून प्लग काढला आणि एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) मोठा कपॅसिटर बल्बमधून डिस्चार्ज केला. त्यावर सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे शूरवीर मी पाहिलेत, त्यांचं अनुकरण करू नये.

मागचं झाकण काढल्यावर खरी गंमत कळली. हीट सिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवर) स्क्रूने आवळलेला सात पायांचा आयसी, आणि त्याचा नंबर पॉलिश पेपरने घासलेला! गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून काही मेकॅनिक असं करतात. मला हा प्रकार मनापासून चीड आणतो. शेजारी एक रेझिस्टर, जळून कोळसा, किंमत सांगणारी एकही रंगीत पट्टी दिसत नाही. हीट सिंकला खेटून एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्याचं प्लॅस्टिक आवरण वितळून आकसलेलं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन विचारलं तर दुकानदार म्हणाला, "साहेब, नंबर सांगा. नंबराशिवाय काय देऊ?" रास्त होतं.

मग बोर्ड उलटा करून, मीटर बीपवर (जोड असेल तर वाजतो त्या मोडवर) ठेवून एकेक पाय कुठे जातो ते कागदावर काढलं. एक पाय ग्राउंडला. एक थेट योकच्या (पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या, बीम वळवणाऱ्या कॉइलच्या) कनेक्टरला, म्हणजे आउटपुट. एक त्या जळक्या रेझिस्टरला, म्हणजे सप्लाय. दोन पायांमध्ये तो आकसलेला कपॅसिटर, म्हणजे पंप-अप. बीम खालून झटकन वर नेताना लागणारं जादा व्होल्टेज तो पुरवतो. उरलेल्या दोन पायांचे ट्रॅक बारीक होते, ते सिग्नलचे. सप्लाय आणि ग्राउंड यांच्यात मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवत होता. आयसी शॉर्ट, म्हणूनच रेझिस्टर जळाला.

रेझिस्टरच्या पलीकडे एलओटीवरून (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरून) येणारा डायोड आणि 35 व्होल्टचा फिल्टर कपॅसिटर होता. म्हणजे सप्लाय 35 च्या खालीच. सेट सिरीज बल्बवर (सप्लायच्या वाटेत बल्ब जोडून, म्हणजे शॉर्ट असला तरी करंट आवरतो) क्षणभर लावून तिथे मोजलं, साधारण 25 आले. सात पाय, 24 व्होल्टच्या आसपासचा सप्लाय, आत पंप-अप. आयसींच्या डेटाशीट (कंपनीची माहितीपत्रकं) चाळल्यावर एलए7840 चे पाय माझ्या कागदाशी तंतोतंत जुळले. एलए7841 चे पायही तसेच, पण तो जास्त करंट पेलतो. मी तोच आणायचं ठरवलं.

रेझिस्टरची किंमत काढायला ब्लेडने जळका रंग हळूच खरवडला. फिल्म मध्यभागी तुटली होती, दोन्ही बाजूंचे तुकडे शाबूत. डाव्या टोकापासून जळक्या जागेपर्यंत एकदा मोजलं, उजवीकडून एकदा, आणि दोन्ही वेळा मीटरच्या वायरींचा ओहम वजा केला. बेरीज दोनच्या जरा वर आली. मधली फिल्म उडालेली, म्हणजे मूळ किंमत याहून थोडी जास्त. बाजारात मिळणारी जवळची किंमत 2.2 ओहम. पण इथे फ्युजिबलच रेझिस्टर हवा, म्हणजे जादा करंट आला की फ्यूजसारखा तुटणारा. साधा जाड रेझिस्टर टाकला तर पुढच्या वेळी तो वाचेल आणि एलओटी जाईल.

कपॅसिटर डेटाशीटप्रमाणे 100 मायक्रोफॅरड, मी 50 व्होल्टचा, 105 डिग्रीवाला घेतला आणि हीट सिंकपासून लांब वाकवून बसवला. माझ्या मते सगळ्याचं मूळ तोच होता. उष्णतेने सुकला आणि आयसीला घेऊन गेला. त्याच्या शेजारचा डायोड तपासला, ठीक होता. योकची कॉइलही तुटलेली नव्हती.

आयसीच्या पाठीला थर्मल पेस्ट लावली, डाग दिले आणि पुन्हा सिरीज बल्ब. बल्ब भगभगून मंद झाला, तेव्हा जीव भांड्यात पडला. आउटपुटच्या पायावर सप्लायच्या साधारण निम्मे व्होल्ट, म्हणजे आयसी चालू. चित्र वर-खाली भरलं. वरच्या कडेला किंचित दबलेलं होतं, ते व्ही-साइझच्या प्रीसेटने सरळ झालं.

हीट सिंकवर मार्करने आयसीचा नंबर ठळक लिहून ठेवला आणि झाकण लावलं. कॅसेट लावल्यावर चित्रात बर्फ दिसायला लागला. "आता हे पण बघ रे," म्हणत आजोबांनी व्हीसीआरचं हेड साफ करायचं काम माझ्या गळ्यात घातलं.