तोरणमाळचा घाट आणि मर्क्सची सीट

नंदुरबारला पहाटे गाडीतून उतरलो तेव्हा कमरेत बारीक चमक होतीच. स्टेशनाबाहेर सायकल जोडली, चाकं बसवली, हवा भरली आणि सीट खुणेवर आणली. खूण म्हणजे सीटच्या दांड्यावर मारलेली पांढऱ्या मार्करची रेघ. दोन वर्षांपूर्वी मणक्यांनी नोटीस दिली, तेव्हापासून ती रेघ मी मिलिमीटरभरही हलू देत नाही. घरचे याला वेड म्हणतात. मी त्यांना बेल्जियमच्या एडी मर्क्स या सायकल शर्यतपटूचं नाव सांगतो. त्याने वेड कमी होत नाही, पण त्याला घराणं मिळतं.

गावाबाहेर पडलो आणि मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. जानेवारीचं कोवळं ऊन आणि नजर पोचेल तिथवर लाल. बायका तोंडाला फडकी बांधून मिरच्या खालीवर करत होत्या. फोटोत हे फार देखणं दिसतं. सायकलवर धापा टाकत शेजारून गेलात की कळतं फडकी कशाला. ठसका प्रकाशा गावापर्यंत पुरला. तिथे बॅरेजमुळे तापी तळ्यासारखी पसरली आहे. पुलावर टेकून गूळ-शेंगदाणे खाल्ले.

मर्क्सबद्दल बोलायचं तर लोक आकड्यांपासून सुरू करतात. बेल्जियममधल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा, जन्म 1945 चा. टूर द फ्रान्स पाच वेळा, इटलीची जिरो पाच वेळा, मिलान-सान रेमो सात वेळा, आणि सगळ्या मिळून जिंकलेल्या 525 शर्यती, त्यातल्या 80 हौशी असतानाच्या. एका सहकाऱ्याने घरी सांगितलं की हा गडी दुसऱ्याला काही उरूच देत नाही, तर त्याची लहान मुलगी म्हणाली, म्हणजे हा नरभक्षकच! ‘कॅनिबल’ हे नाव तिथून चिकटलं. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत तो तीनदा सापडला हेही खरं. पहिल्यांदा 1969 च्या जिरोत, आघाडीवर असताना त्याला घरी पाठवलं. आपण काही घेतलं नव्हतं, असं तो सांगत राहिला.

पण मला 525 पेक्षा एक तारीख जास्त महत्त्वाची वाटते. 9 सप्टेंबर 1969. दीडच महिन्यापूर्वी त्याने पहिली टूर जवळपास अठरा मिनिटांच्या फरकाने जिंकली होती. फ्रान्समध्ये ब्लुआ गावच्या ट्रॅकवर तो मोटरसायकलच्या आडोशाने सायकल चालवत होता. अपघात झाला. मोटरसायकल चालवणारा फर्नांद वाम्ब्स्त जागीच गेला. मर्क्स बेशुद्ध, मणक्याला तडा, कंबरेचं हाड सरकलेलं. त्यानंतर चढावर दुखलं नाही असा दिवस आला नाही, असं तो सांगायचा. शर्यतीत अॅलन-की, म्हणजे बोल्ट फिरवायचा छोटा पाना, जवळ ठेवायचा आणि धावत्या सायकलवर सीट वरखाली करायचा.

म्हणजे हिशेब करा. चार टूर, चार जिरो, 1973 ची स्पेनची व्हुएल्टा, दोन जागतिक विजेतेपदं, आणि 1972 साली मेक्सिको सिटीत तासाभरात कापलेले 49.431 किलोमीटर. हे सगळं त्या कंबरेनिशी.

शहादा जवळ आलं, दोन्ही बाजूंना पपईच्या बागा, आणि माझे गुडघे छातीला लागल्यासारखे वाटायला लागले. सीट खाली बसली होती. क्लॅम्पच्या बोल्टचे आटे गेलेले. जवळच टायर टांगलेलं दुकान दिसलं, पत्र्याच्या शेडखाली. साठीचे एक दादा बैलगाडीच्या टायरचं पंक्चर काढत होते.

“कथा चालनात, भो?”

“तोरणमाळला.”

त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. काही बोलले नाहीत, हे उपकारच. बोल्ट बदलला. दांडा तरी सरकतच होता, म्हणून कोल्ड्रिंकचा रिकामा डबा कापून त्याची पट्टी नळीत घातली. मग मला बसवलं, खांदा धरला आणि टाच पायडलवर ठेवायला सांगितली.

“तुमनी सीट उच्ची शे.”

मी रेघ दाखवली. मर्क्स सांगितला, ब्लुआ सांगितलं, सेंटीमीटरची अक्कल शिकवली. ते शांतपणे ऐकत पाना फिरवत होते. “इतलं दुखे तं कसाले चालाडे तो?”

इतकी वर्षं हा माणूस डोक्यात घेऊन फिरतोय, पण इतकं दुखत असताना तो सायकल चालवायचा कशाला, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं.

“मनी कंबर बी दुखस,” ते म्हणाले आणि बैलगाडीच्या टायरशी पुन्हा उकिडवे बसले.

म्हसावद, राणीपूर. सपाटी संपली आणि सातपुडा समोर उभा राहिला. एकेक वळण संपलं की डोक्यावर पुढचं. मर्क्सने त्या पहिल्या टूरमध्ये पिरेनीजमधला तूर्माले चढून एकट्याने सुमारे 140 किलोमीटर मारले आणि मूराँला बाकीच्यांच्या आठेक मिनिटं आधी पोचला. आघाडीवाल्याची पिवळी जर्सी आधीच अंगावर असताना! मी वळणावर सागाच्या सावलीत बसून संत्रं सोलत होतो, तेव्हा मला त्याची 1975 ची टूर जास्त जवळची वाटली. पुई द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने त्याला बरगडीखाली ठोसा मारला. दोन दिवसांनी प्रा-लूपच्या चढावर बर्नार तेवने या फ्रेंच सायकलपटूने त्याला मागे टाकलं. नंतर पडून गालाचं हाड मोडलं, तरी तो पॅरिसपर्यंत गेला. दुसरा आला. पुन्हा टूर त्याला जिंकता आली नाही. 1978 साली, तेहतिशीही पूर्ण झाली नव्हती, त्याने सायकल ठेवली.

शेवटचे काही किलोमीटर मी सायकल ढकलत नेली. कुणी पाहिलं नाही असं लिहिणार होतो, पण लाकडं घेऊन निघालेल्या दोन पावरा बायकांनी पाहिलं आणि त्या खूप हसल्या. यशवंत तलावाशी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. रात्री ज्वारीची भाकरी, ठेचा आणि अशी थंडी की सॉक्स घालून झोपलो.

दुसऱ्या दिवशी उतारावर कंबर गप्प होती. शहाद्यात दादांना सांगावं म्हणून थांबलो, तर शेड बंद. सायकल घरी आहे, डब्याची पट्टी अजून तिच्यात आहे, आणि पांढरी रेघ नळीच्या आत गेली आहे. सीट किती खाली आली ते मी अजून टेप लावून पाहिलेलं नाही.